म्युझिक व्हिडिओ वाचायचा कसा: आधी मोजणी, मग सिद्धांत

जुलै उजाडला की संध्याकाळी नदीपात्रातून ढोलांचा सराव ऐकू यायला लागतो. त्याच दिवसांत गणपतीच्या नव्या गाण्यांचे व्हिडिओही एकामागून एक येऊ लागतात. पांढरे झब्बे, भगवे फेटे, नऊवारी, नथ, वाड्याचा दरवाजा, ढोलावर संथपणे पडणारं टिपरू. पुण्यात माध्यमांचा अभ्यास नव्याने सुरू करणाऱ्यांना मी नेहमी यातलाच एखादा व्हिडिओ निवडायला सांगते. तो ओळखीचा असतो, आणि ओळखीच्या गोष्टीकडे नीट बघणंच सगळ्यांत अवघड असतं.

दरवर्षी पहिल्या निबंधात एक वाक्य हमखास सापडतं: ‘या व्हिडिओत पुरुषी नजर दिसते.’ कुठे दिसते, कितव्या सेकंदाला, कोणत्या शॉटमध्ये, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. सिद्धांताचं नाव पाठ झालेलं असतं, व्हिडिओ मात्र एकदाच, तोही रिक्षात बसून पाहिलेला असतो. म्हणून खालची पद्धत. तिच्यात सिद्धांत बराच उशिरा येतो, आणि तो उशिरा येणंच मला महत्त्वाचं वाटतं.

पहिली पायरी: गाणं निवडा आणि ते कोणत्या जातकुळीचं आहे ते ठरवा

चार मिनिटांच्या आतलं एक मराठी गाणं घ्या. आवडतं असेल तर उत्तम, नावडतं असेल तरी चालेल. फक्त ज्याच्याबद्दल काहीच वाटत नाही असं घेऊ नका. मग पहिला प्रश्न विचारा: हे चित्रपटातलं गाणं आहे, की फक्त व्हिडिओसाठी बनवलेलं स्वतंत्र गाणं, ज्याला आपल्याकडे अजूनही ‘अल्बम साँग’ म्हणतात? की पडद्यावर नुसते शब्द उमटणारा लिरिकल व्हिडिओ?

हा फरक आधी का करायचा? म्युझिक व्हिडिओबद्दलचे बहुतेक पाश्चात्त्य सिद्धांत एमटीव्हीच्या काळात जन्मले. ती वाहिनी १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत सुरू झाली. आपल्याकडे गाणं चित्रित करण्याची परंपरा बोलपटाइतकीच जुनी आहे. प्रभात कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आली. तिच्याच स्टुडिओच्या जागेवर १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे. म्हणजे एमटीव्ही सुरू होण्याच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी या शहरात गाण्यासाठी कॅमेरा कुठे ठेवायचा याचा विचार रोज होत होता. तुमच्या व्हिडिओला हे दोन्ही वारसे लाभलेले असतात. कोणती सवय कुठून आली, हे पुढे वारंवार विचारावं लागेल.

दुसरी पायरी: तीन वेळा पाहा, तीन वेगळ्या प्रकारांनी

आधी आवाज पूर्ण बंद करून पाहा. मग स्क्रीन पालथी ठेवून नुसतं ऐका. तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र. प्रत्येक वेळेनंतर पाच ओळी लिहा, मध्ये मागचं वाचू नका.

मिशेल शियाँ या फ्रेंच संगीतकार-अभ्यासकाने १९९० च्या पुस्तकात चित्र आणि ध्वनी असे आळीपाळीने झाकून पाहण्याची पद्धत मांडली. तिचा फायदा पहिल्याच दिवशी कळतो. आवाज बंद केल्यावर मिरवणुकीचा ‘जल्लोष’ बघता बघता विरतो. उरतात ती हात वर करून उभी असलेली पंधरा-वीस मुलं, आणि तीच पंधरा-वीस मुलं पुढच्या शॉटमध्ये दुसऱ्या बाजूने. गर्दी आवाजात होती, चित्रात नव्हती. शियाँ याला ध्वनीने चित्रात घातलेली भर म्हणतो. लक्ष्मी रोडवर विसर्जनाच्या दिवशी उभं राहिलेल्या कुणालाही हा फरक चटकन जाणवेल.

त्याचाच आणखी एक प्रयोग आहे, ज्याला तो सक्तीचं लग्न म्हणतो. चित्र तेच ठेवा आणि खाली भलतंच संगीत लावा. ढोल-ताशाच्या व्हिडिओखाली एखादा संथ अभंग लावून पाहा. काही शॉट अचानक भक्तीचे वाटतील, काही नुसते कपड्यांच्या जाहिरातीसारखे. जे शॉट कुठल्याही गाण्याखाली चालतात, त्यांच्यावर खूण करून ठेवा. ते त्या गाण्याचे नाहीत, रिवाजाचे आहेत.

तिसरी पायरी: वही काढा

ही कंटाळवाणी पायरी आहे आणि हिच्यावाचून पुढचं काहीच उभं राहत नाही. पाच रकाने आखा: वेळ, काय दिसतं, शॉट किती जवळचा, गाण्याचा कोणता भाग, आणि त्या वेळचे शब्द. गाण्याच्या भागांसाठी आपलेच शब्द वापरा: मुखडा, अंतरा, मधला म्युझिक पीस.

यूट्यूब संगणकावर उघडलंत तर व्हिडिओ थांबवून कॉमा आणि फुलस्टॉपच्या बटणांनी एकेक फ्रेम मागे-पुढे जाता येतं, आणि वेग पावपट करता येतो. मोबाइलवर हे काम करू नका, डोळे आणि धीर दोन्ही संपतात. पूर्ण गाण्याचे शॉट, म्हणजे एका कटपासून पुढच्या कटपर्यंतचे तुकडे, मोजता आले तर छानच. नाहीतर निदान एक मुखडा आणि एक अंतरा मोजा.

मग साधा भागाकार. साडेतीन मिनिटं म्हणजे २१० सेकंद. शॉट १०५ निघाले तर सरासरी एक शॉट दोन सेकंदांचा. पण सरासरीवर थांबू नका. मुखड्यात शॉट छोटे आणि अंतऱ्यात लांब आहेत का? गाण्याची लय मिनिटाला १२० ठोक्यांची असेल तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, चार ठोके दोन सेकंदांचे. कट चार ठोक्यांवर पडतायत की मध्येच? दादरा किंवा केरवा ओळखता येत असेल तर समेवर किती वेळा कट पडतो तेही लिहा. तबला शिकलेल्या मुलांना हे पटकन दिसतं.

चौथी पायरी: शब्द आणि चित्र यांचं नातं

इथे पहिला सिद्धांत वापरायचा. अँड्र्यू गुडविन या अभ्यासकाने १९९२ मध्ये म्युझिक व्हिडिओवर एक पुस्तक लिहिलं. त्याने सांगितलेलं हे नातं तीन प्रकारचं असतं. चित्र शब्दांचंच दर्शन घडवतं. किंवा शब्दांत नसलेलं काही त्यात मिळवून अर्थ वाढवतं. किंवा शब्दांशी फारकत घेतं.

गाण्यात ‘पाऊस’ आला आणि पडद्यावर पाऊस पडला, हा पहिला प्रकार. गाण्यात पाऊस आणि पडद्यावर मुलगी गॅलरीतले वाळत घातलेले कपडे न काढता तशीच उभी, हा दुसरा; तिच्या मनात काय चाललंय ते शब्दांनी सांगितलेलं नाही. गाण्यात पाऊस आणि पडद्यावर भर उन्हात कोरडं पडलेलं धरण, हा तिसरा. वहीतल्या प्रत्येक ओळीपुढे एक, दोन किंवा तीन असा आकडा टाका. मराठी व्हिडिओंत पहिला प्रकार भरपूर निघेल. त्याला लगेच नावं ठेवू नका. कीर्तनकार शब्दासोबत हातवारे करतो, लावणीत शब्दागणिक अदा असते. शब्द दाखवून देणं ही आपल्याकडे एक कला आहे. प्रश्न इतकाच, की दाखवताना काही मिळवलं का.

पाचवी पायरी: ताल आणि चित्र, म्हणजे ढोलाकडे नीट बघणं

पथकाच्या व्हिडिओत एक ठरलेला शॉट असतो. ताशाची तर्री अत्यंत वेगात, ढोलांचा ठेका चढलेला, आणि पडद्यावर मात्र सगळं संथ: टिपरू पडतं, ढोलाच्या पानावरचा गुलाल हवेत उडतो, केसांवरून घामाचा थेंब निघतो. कान धावतायत आणि डोळे थांबलेत. इतकी मोठी विसंगती असूनही ती कुणालाच खटकत नाही, उलट अंगावर काटा येतो. का?

माझं उत्तर असं. प्रत्यक्ष मिरवणुकीत वादक एकटा दिसत नाही, तो रांगेचा भाग असतो. सगळे हात एकदम पडतात, त्यातच त्याची ताकद. स्लो मोशन त्या समूहातून एक हात, एक चेहरा बाजूला काढतं आणि त्याला नायक बनवतं. ठेका समूहाचा राहतो, चित्र एकट्याचं होतं. हे तुमच्या व्हिडिओत खरं आहे का ते तपासा: संथ शॉटमध्ये किती माणसं आहेत, नेहमीच्या वेगाच्या शॉटमध्ये किती? आकडे माझ्या विरोधात गेले तर तसं लिहा, मला आनंदच होईल.

स्लो मोशन ओळखण्याची एक खूण मला पेठेतल्या एका जुन्या वाड्यात शूटिंग बघताना कळली. गायिका दुप्पट वेगाने ओठ हलवत होती, कारण गाणंच दुप्पट वेगाने लावलं होतं. चौकात जमलेली मुलं हसत होती. कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेम टिपत होता. तेच पुढे २५ च्या गतीने दाखवलं की ओठ गाण्याशी अचूक जुळतात, पण ओढणी आणि केस पाण्यात असल्यासारखे हलतात. व्हिडिओत ओठ बरोबर आणि पदर संथ असं दिसलं, तर तो योगायोग नव्हे. त्या क्षणी तिला आपल्या जगाहून वेगळ्या काळात ठेवायचं, असं कुणीतरी आधीच ठरवलेलं आहे.

सहावी पायरी: चेहरा कुणाचा?

गुडविनची आणखी एक नोंद: रेकॉर्ड कंपनीला कलाकाराचे क्लोजअप हवे असतात, कारण व्हिडिओ ही शेवटी त्या चेहऱ्याची जाहिरात असते. रिचर्ड डायर या ब्रिटिश चित्रपट-अभ्यासकाने १९७९ च्या पुस्तकात मांडलं, की ‘स्टार’ म्हणजे ती व्यक्ती नव्हे, तिच्या असंख्य प्रतिमांतून रचलेली एक आकृती. दोन्ही मुद्दे उपयोगी आहेत. आता वहीत क्लोजअप मोजा आणि प्रत्येकापुढे नाव लिहा.

इथेच आपल्याकडे गणित बदलतं. पाश्चात्त्य व्हिडिओत गाणारा आणि दिसणारा बहुधा एकच असतो. आपल्याकडे पार्श्वगायनामुळे आवाज एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा, ही सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. म्हणून मराठी स्वतंत्र व्हिडिओत एक खास रिवाज तयार झालेला दिसतो: गोष्ट मॉडेलची जोडी करते, आणि अधूनमधून गायक स्टुडिओत, कानावर हेडफोन, समोर माइक, डोळे मिटलेले. तो गोष्टीत नसतो. त्याला दाखवण्याचं कारण एवढंच, की आवाज त्याचा आहे. हे शॉट किती, मुखड्यात की अंतऱ्यात, गायक आणि गोष्टीतली पात्रं एकदा तरी एका फ्रेममध्ये येतात का, हे पाहा. अलीकडे बरेच तरुण गायक स्वतःच नायक होतात, आणि मग हेडफोनवाला शॉट गायब होतो. हा बदल टिपलात तर तुमच्या निबंधाला स्वतःचा मुद्दा मिळाला.

गणपतीच्या गाण्यात तर तिसरा चेहरा असतो. सगळ्यांत जवळचा, सगळ्यांत रेंगाळणारा क्लोजअप मूर्तीच्या डोळ्यांचा. १४ एप्रिलच्या आसपास येणाऱ्या भीमगीतांच्या व्हिडिओतही हेच आढळेल: गायक समोर गात असला तरी सगळ्यांच्या माना वळतात त्या बाबासाहेबांच्या पुतळ्याकडे किंवा तसबिरीकडे. जो गात नाही, ओठ हलवत नाही, तोच या गाण्यांचा केंद्रबिंदू असतो. गुडविन आणि डायर यांच्या चौकटीत हे सहज बसत नाही. सिद्धांत जिथे अडतो, तिथे पेन थांबवू नका. तिथूनच तुमचं लिखाण सुरू होतं.

सातवी पायरी: कोण कुणाकडे बघतंय?

‘पुरुषी नजर’ ही कल्पना मांडणाऱ्या ब्रिटिश चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्वीचा निबंध १९७५ चा, ‘स्क्रीन’ या नियतकालिकातला. तिने तीन नजरा वेगळ्या केल्या: कॅमेऱ्याची, पडद्यावरच्या पात्रांची आणि प्रेक्षकाची. अभिजात हॉलिवूडपटांत या तिन्ही मिळून पुरुषाला बघणारा आणि बाईला बघितली जाणारी करतात, असा तिचा दावा. निबंधात ‘पुरुषी नजर’ लिहायची असेल तर आधी हे मोजा: नाचणाऱ्या बाईचे एकूण शॉट किती, त्यांपैकी किती शॉटमध्ये तिचा चेहरा चौकटीबाहेर आहे, आणि तिच्याकडे बघणाऱ्या पुरुषांचे शॉट किती. चाळीसपैकी बारा शॉटमध्ये फक्त कंबर किंवा पाय निघाले, आणि प्रत्येकाला जोडून मिशीवर हात फिरवणारा फेटेवाला आला, तर तुमचं वाक्य पुराव्यानिशी उभं राहिलं.

पण लावणीच्या व्हिडिओवर काम करत असाल तर इथेच थांबू नका. लावणीत नाचणारी खाली मान घालून उभी नसते. बैठकीच्या लावणीत तर सगळा खेळ डोळ्यांचा आणि हातांचा. ती बघणाऱ्याकडे बघते, त्याला खिजवते, त्याची फजिती करते. आणि पुण्यात खास महिलांसाठी लावणीचे कार्यक्रम होतात, तिथे बायका शिट्ट्या मारतात, खुर्च्यांवर उभ्या राहून नाचतात. त्या प्रेक्षागृहातली नजर कुणाची? म्हणून आणखी एक रकाना: ती थेट भिंगात किती वेळा बघते? आणि संकलकाने त्या नजरेवर शॉट टिकवला, की लगेच कट मारून कंबरेवर नेला? मंचावर तिच्या हातात असलेली गोष्ट व्हिडिओत कटने काढून घेतली जाते, असं मला अनेकदा दिसलं आहे. मल्वी इथे निम्मी वाट दाखवते. उरलेली निम्मी लावणीच दाखवते, त्यासाठी एकदा तरी ती समोर बसून पाहायला हवी.

आठवी पायरी: पुणं कोणतं दाखवलंय?

रोलाँ बार्थ हा फ्रेंच विचारवंत १९५७ च्या पुस्तकात दोन पातळ्या वेगळ्या करायला शिकवतो. एक, चित्रात सरळ काय आहे. दुसरी, ते कशाची आठवण करून देतं. आणि त्यापुढे त्याचा खरा मुद्दा: इतिहासातून घडलेली गोष्ट जणू निसर्गतःच तशी आहे असं भासवणं, यालाच तो मिथक म्हणतो.

पुण्याच्या व्हिडिओत पहिला शॉट बहुधा शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याचा. दुसऱ्या शॉटमध्ये कोरीव लाकडी खांब, चौक, तुळशीवृंदावन. आता आठवा: शनिवारवाड्याची उभारणी १७३० मध्ये सुरू झाली, आणि आतला महाल १८२८ च्या आगीत जळून गेला. आज तिथे तट, दरवाजे आणि जोती आहेत. ते कोरीव खांब दुसऱ्याच कुठल्या वाड्यातले, किंवा सेटवरचे. दोन शॉट जोडून संकलकाने अस्तित्वात नसलेलं घर बांधलं. यात फसवणूक नाही, सिनेमा हे कायमच करत आला आहे. पण ते घर कशाची आठवण करून देतं, कोणत्या पेठांची, कोणत्या घरांची, आणि त्यालाच सगळ्या पुण्याची ‘संस्कृती’ म्हणून दाखवताना काय वगळलं जातं, हे विचारा. जनता वसाहत, हडपसर, येरवडा, हिंजवडीची बसची रांग, हे कोणत्या प्रकारच्या गाण्यांत येतं? रॅपच्या व्हिडिओत वस्ती, गल्ली, गच्ची, पाण्याच्या टाक्या. प्रेमगीतात टेकडी आणि खडकवासला, वरून ड्रोन. तुमच्याच वर्गातल्या पाच जणांनी पाच व्हिडिओंतल्या जागा नकाशावर टाकल्या, तर गाण्यांचं पुणं किती लहान आहे ते एका कागदावर दिसेल. हा उपक्रम जरूर करा.

नववी पायरी: आडवा व्हिडिओ, उभा कागद

ही छोटी चाचणी मला फार आवडते. २०२० च्या जूनअखेरीस भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि लगेच जुलैत इन्स्टाग्रामचे रील आले. तेव्हापासून गाण्याची हुक स्टेप, म्हणजे सगळे जिची नक्कल करतात ती नाचातली ठरलेली हालचाल, उभ्या चौकटीत मावणं गरजेचं झालं. आडव्या चित्रातून पूर्ण उंचीची उभी पट्टी कापली तर रुंदीचा जेमतेम एकतृतीयांश भाग उरतो. स्क्रीनच्या दोन्ही बाजूंना कागद लावून मधली तेवढीच पट्टी उघडी ठेवा आणि मुखडा पाहा. नाचणारी संपूर्ण वेळ त्या पट्टीत राहिली, तर दिग्दर्शकाने दोन पडदे डोळ्यांपुढे ठेवले होते. अंतऱ्यात ती पट्टीबाहेर जाते का तेही पाहा. बहुधा जाते, कारण अंतऱ्यावर रील क्वचितच होतं.

दहावी पायरी: तिघांना दाखवा

स्टुअर्ट हॉल या माध्यम-अभ्यासकाने १९७३ मध्ये मांडलं, की बनवणारा एक अर्थ भरतो, पण घेणारा तो जसाच्या तसा घेईल असं नाही. कुणी तो स्वीकारतो, कुणी घासाघीस करून घेतो, कुणी उलटा वाचतो. हे पुस्तकातून समजून घेण्यापेक्षा घरात करून पाहा. पथकाचा व्हिडिओ पथकातल्या मित्राला दाखवा, आजीला दाखवा, आणि मिरवणुकीच्या रस्त्यावर दवाखाना किंवा लहान बाळ असलेल्या कुणाला तरी दाखवा. ‘आवडला का?’ असं विचारू नका. ‘यात काय चाललंय ते सांगा’ म्हणा, आणि ते बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. मित्र एखाद्या वादकाचा हात चुकलाय ते दाखवेल. आजी म्हणेल, मूर्ती किती थोडा वेळ दाखवली. तिसरी व्यक्ती कदाचित आवाज कमी करायला सांगेल. आवाज कमी करणं हेही वाचनच आहे, तेही लिहा.

आता लिहायला बसा

चारशे शब्द पुरे. एकच सिद्धांत मुख्य ठेवा, फार तर दोन. प्रत्येक विधानामागे वेळेची नोंद हवी.

‘या व्हिडिओतून आपल्या संस्कृतीचं सुंदर दर्शन घडतं’ हे वाक्य वहीशिवायही लिहिता आलं असतं, म्हणून ते खोडा. त्याऐवजी असं काहीतरी: ‘मुखडा तिन्ही वेळा वाड्याच्या चौकात परततो, आणि दर वेळी नायिका नऊवारीत असते. दोन्ही अंतऱ्यांत ती जीन्समध्ये टेकडीवर आहे, आणि फक्त तिथेच ती भिंगात बघते. नजर वर करण्याची मुभा या व्हिडिओने तिला वाड्याबाहेर दिली आहे.’ यात मल्वीचं नाव नाही, बार्थचंही नाही, पण दोघंही कामाला लागलेले आहेत. त्यांची नावं पुढच्या वाक्यात येऊ द्या.

लिहून झालं की गाणं शेवटचं एकदा, वही मिटून, मोठ्या आवाजात लावा. मोजून मोजून गाण्यातला आनंद जाईल अशी धास्ती दरवर्षी कुणीतरी बोलून दाखवतं. गेल्या वर्षी ज्या मुलीने ती बोलून दाखवली होती, तीच सप्टेंबरमध्ये मला म्हणाली, ‘मॅडम, आता कट पडायच्या आधीच माझा पाय ठेका धरतो.’